तीस वर्षांच्या जीपचं वायरिंग आणि माझी दोनशे पानी वही

हे लिहायचं कारण सरळ आहे. जुन्या जीपचं सगळं वायरिंग बदलायचं ठरवलं तेव्हा मराठीत कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेलं वाचायला मिळावं म्हणून मी बरंच शोधलं. इंजिनावर लोक भरभरून लिहितात, टायरवर तर भांडतात, पण वायरिंगपाशी आलं की "चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा" एवढ्यावर विषय संपतो. माझं काम जून ते नोव्हेंबर २०२४ चाललं. मी बँकेत नोकरी करतो, विजेचं शिक्षण दहावीच्या विज्ञानापुरतंच. त्या बेताने वाचा.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९४ सालची, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची. मी २०११ मध्ये घेतली, माझ्या आधी तीन मालक होऊन गेले होते. इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं डिझेल. गाडीत काहीही बिघडलं तरी ते चालू होतं. त्यामुळे बाकीच्या गोष्टींकडे मी तेरा वर्षं काणाडोळा केला.

१६ जूनला, रविवारी संध्याकाळी, गगनबावड्याहून परत येत होतो. पाऊस लागून राहिला होता. साळवण मागे पडल्यावर हेडलाईट पिवळट व्हायला लागले, वायपर अर्ध्यात अडखळायला लागला. मग वास आला, प्लास्टिकच्या पिशवीला उदबत्तीचं टोक लागल्यावर येतो तसा. गाडी बाजूला घेईपर्यंत डॅशबोर्डखालून धूर. चावी बंद केली तर इंजिन सुरूच! गडबडीत विसरलो होतो की माझ्या जीपचं इंजिन चावीने नाही, नॉब ओढून बंद होतं. ओढली. इंजिन थांबलं, धूर मात्र थांबेना, कारण जळणारी वायर थेट बॅटरीवरून आलेली होती आणि तिला फ्यूजच नव्हता. पाने मागच्या सीटखाली, सीटवर खताच्या दोन पिशव्या. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने थांबून पकड दिली, तिने बॅटरीचा निगेटिव्ह काढला तेव्हा कुठे धूर विरला. त्याच माणसाने टोचन लावून फुलेवाडीपर्यंत आणलं आणि पैसे घेतले नाहीत.

तुमच्या जुन्या गाडीत बॅटरीचा कटऑफ स्विच नसेल तर बाकीचं राहू दे, तेवढा आधी बसवा. साडेसहाशे रुपयांना मिळतो. फक्त इंजिन चालू असताना तो बंद करू नका, डायनामोचे डायोड जातात. (आल्टरनेटर म्हणायला हवं, पण आमच्याकडे अजून सगळे डायनामोच म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी बकरी ईदची सुट्टी होती. डॅश उघडला. तीस वर्षांचे थर होते आत. कुणीतरी टेप बसवला होता, कुणी फॉगलॅम्प, कुणी ट्रॉलीसाठी प्लग. प्रत्येकाने मूळ वायर मध्येच सोलून, पीळ देऊन, वर टेप गुंडाळून आपली शाखा काढलेली. टेपचा गोंद वितळून त्यावर धूळ बसून सगळं काळं, चिकट. वरच्या कोपऱ्यात उंदराचं घरटं, वायरींच्या सालींचं आणि कुठल्याशा विमा पावतीच्या कपट्यांचं. एका कपट्यावर '१९९८' वाचता येत होतं. जळालेली वायर इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यातून आत येते तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसवायचं कडं) केव्हाच गळून पडलं होतं. पत्र्याच्या धारेने तीस वर्षं वायर घासली आणि त्या संध्याकाळी तांबं पत्र्याला टेकलं. मूळ कारण एवढंच, वीस रुपयांचं रबर.

उद्यमनगरात एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिकवाले आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी डोकावून पाहिलं.

"साहेब, एक वायर बदलून देतो, पाचशे द्या. पण पुढच्या पावसाळ्यात दुसरी जळंल."

"आणि सगळंच बदललं तर?"

"तर मला चार दिवस लागतील, आणि माझ्याकडं चार दिवस न्हाईत. तुम्हीच करा की. अडलं तर या."

गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, २१ नोव्हेंबरला संपत होतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवायला न्यावी लागते. म्हणजे हातात पाच महिने. भरपूर वाटले होते.

पहिली चूक लगेच केली. ऑनलाईन एक तयार वायरिंग सेट दिसला, 'एमएम ५४० साठी', ५,२०० रुपये. मागवला. २४ जुलैला आला, आणि त्याच आठवड्यात पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. गावात सगळी धावपळ, आमच्याकडे नदीकाठच्या नातेवाइकांचं सामान आलेलं. खोकं उघडलं ४ ऑगस्टला, तोवर परत पाठवायची मुदत संपून गेलेली. मागचा भाग दोन हात आखूड, कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे जोड) भलत्याच डॅशबोर्डचे. वायर बाहेरून जाड दिसायची, पण सोलून पाहिली तर इन्सुलेशनच जाड, आत तांब्याचे तंतू मोजून चौदा. विक्रेत्याला फोन केला तर "सगळे हेच बसवतात" असं उत्तर. पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा आणि एक टोक सोलून बघा, एवढंच सांगतो. त्या सेटमधल्या काही टोप्या आणि कपलर वापरले, बाकी अजून पोत्यात आहे.

मग ठरवलं, वायर सुटी आणून स्वतःच बांधायचं. इथून पुढे मला एक गोष्ट हळूहळू कळत गेली. मला ज्याची भीती वाटत होती ते विजेचं काम यात फार थोडं आहे. बहुतेक काम नोंदी ठेवण्याचं आहे, आणि ते तर मी पंचवीस वर्षं पगार घेऊन करतोय. दोनशे पानी फुलस्केप वही आणली. रकाने आखले: क्रमांक, कुठून, कुठपर्यंत, जाडी, फ्यूज, शेरा. जुनं वायरिंग कापायच्या आधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी. सुरुवातीला कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्या दोन दिवसांत दमट हवेने गळाल्या. मग दवाखान्यात वापरतात ती कापडी चिकटपट्टी आणली, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं टिकतं. मी चिठ्ठ्यांवर 'हॉर्न', 'डावा इंडिकेटर' असं लिहीत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला नक्की माहितेय का तो हॉर्नच आहे? नुसता नंबर लिहा, नाव वहीत." तिचं खरं होतं. जी मी हॉर्नची समजत होतो ती शेवटी वायपरची निघाली. नाव चिठ्ठीवर असतं तर तीच चूक नव्या वायरिंगमध्ये उतरली असती.

एकूण ६१ वायरी. त्यातल्या १९ कुठेच जात नव्हत्या. नोंद क्रमांक ३७ ची तपकिरी वायर मी पूर्ण एक संध्याकाळ पाठलाग करत होतो. फ्यूजबॉक्सपासून निघून, पत्र्यातून बाहेर, मडगार्डच्या आतून, चेसिसच्या कडेने मागच्या चाकापर्यंत, सहा ठिकाणी नीट बांधलेली. आणि मागे गेल्यावर तिला एक सुबक गाठ मारून सोडून दिलेलं. ज्याने हे केलं त्याचा हात चांगला होता. त्याला ती कशासाठी हवी होती ते मला कधी कळणार नाही. शेऱ्यात लिहिलं, 'कुठेच नाही'.

२४ ऑगस्टला, चौथ्या शनिवारी, पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन नाना पेठेतून माल आणला. वायर घेताना गाडीचीच घ्यायची, घरातली नाही. गाडीच्या वायरीत बारीक तंतू पुष्कळ असतात, त्या थरथर सहन करतात. जाडीचा माझा हिशोब असा होता: छोटे दिवे आणि इंडिकेटर ०.७५ चौरस मिलिमीटर, हॉर्न आणि वायपर १.५, हेडलाईट २.५, डायनामोकडून बॅटरीला १०, हीटर प्लगलाही (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापवणारे प्लग) १०. सगळे रंग काही मिळाले नाहीत, दुकानात होते सहा. त्यावर उपाय उद्यमनगरातच मिळाला. पॅनेल बनवणारे वायरीच्या टोकावर आकड्यांच्या छोट्या रिंगा घालतात, फेरूल म्हणतात त्यांना. शंभर रुपयांत पिशवीभर. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना वहीतला नंबर. आता रंग कुठलाही असो.

गणपतीत काम बंद. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवार-रविवारी शेडमध्ये. जमिनीवर जुनं वायरिंग पसरून त्यावर नवं अंथरायचं, प्रत्येक वायर एक वीत जास्त ठेवायची. हे वीतभर जास्तीचं प्रकरण फार महत्त्वाचं, कारण डॅशच्या आत हात गेल्यावर नेमकी तीच वीत कमी पडते.

सांधे मी सगळे डाग देऊन केले होते, सोल्डर चकचकीत, मला फार बरं वाटत होतं. मामा एका रविवारी आले, एक सांधा दोन बोटांत धरून पाच-सहा वेळा हलवला. डाग जिथे संपतो तिथेच वायर तुटली.

"डाग दिला की वायर तिथं काडीगत कडक हुती. जीप थरथरती, तिथंच मोडणार. दाबून लग बसवा."

लग म्हणजे वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक. चाळीसेक सांधे कापले. १,३५० रुपयांची क्रिम्पिंगची पकड घेतली, आणि प्रत्येक लग दाबल्यावर जोर लावून ओढून बघायची सवय लावली. पहिल्या दिवशी दहातले चार हातात आले. त्या रात्री जेवताना मी फारसं बोललो नाही, असं बायको सांगते.

हेडलाईटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्यांची हीच मुख्य तक्रार असते. जुनं वायरिंग काढायच्या आधी मी मोजमाप घेऊन ठेवलं होतं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, हेडलाईटच्या होल्डरवर १०.४. मधले दोनाहून जास्त व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते, कारण दोन्ही दिव्यांचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून, डिपरमधून, पिळाच्या सांध्यांमधून फिरून जात होता. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की हॅलोजनचा प्रकाश जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो, माझं तर त्याहून जास्त पडत होतं. दोन रिले बसवले. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो, दिव्यांचा करंट बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड वायरीने थेट जातो. तेच ६०/५५ वॅटचे बल्ब, होल्डरवर १२.१. भारी वॅटचे बल्ब घालायचा सल्ला खूप जण देतात. जुन्या वायरीवर तो सल्ला ऐकला तर माझ्यासारखी पकड मागायची वेळ येईल.

हीटर प्लगचंही तसंच. चार प्लग मिळून सुरुवातीला चाळीसहून जास्त अँपियर ओढतात, आणि आधीच्या कुणीतरी ते सगळं चावीच्या स्विचमधून नेलं होतं. चावी गरम का लागते याचं कोडं तेरा वर्षांनी सुटलं.

फ्यूज मी पूर्वी उपकरणासाठी असतो असं समजत होतो. तो वायरीसाठी असतो. म्हणून वायर पेलेल त्यापेक्षा कमीचा घालायचा, आणि बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं.

१२ ऑक्टोबरला दसरा. जीपला डॅश नाही, पुढचे दिवे लोंबकळतायत, आणि बोनेटवर झेंडूचा हार. आईने पकडीला आणि मल्टिमीटरलाही हळदकुंकू लावलं. शेजारचे आजोबा फाटकातून बघून म्हणाले, "विकायला काढलीस काय रे?"

बॅटरी जोडायचा दिवस २६ ऑक्टोबर. माझी छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू. मामांनी एक युक्ती सांगितली होती, ती या सगळ्या प्रकरणातली सर्वात उपयोगी गोष्ट. मुख्य फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. आत कुठे वायर पत्र्याला टेकली असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण करंट दोन अँपियरच्या आसपासच राहतो, जळत काही नाही. सगळे स्विच बंद ठेवून बॅटरी जोडली. बल्ब लख्ख पेटला.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. सातवा काढला आणि बल्ब विझला. वहीत बघितलं: सात म्हणजे ब्रेकलाईट आणि हॉर्न. डॅश परत लावताना एका स्क्रूखाली हॉर्नची वायर चेंगरली होती. नंबर असल्यामुळे अर्ध्या तासात सापडली. पूर्वीच्या गुंत्यात ती मला दिवाळीपर्यंत सापडली नसती.

दुसरा गोंधळ मागे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचे. दोन संध्याकाळी मी वायरी उलटसुलट झाल्यात असं समजून तपासत बसलो. वही बरोबर होती. चुकत होतं अर्थिंग. पावसाळ्याआधी चेसिसला मी हौसेने रंग मारला होता, आणि अर्थचा लग त्या रंगावर बसवला होता. परतीची वाट सापडेना म्हणून करंट दुसऱ्या बल्बच्या तारेतून मागे शिरत होता. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, लग कसला, वर ग्रीस. पाच मिनिटांचं काम. दिवे वेड्यासारखे वागायला लागले की अर्थ आधी बघा, बाकी नंतर.

आता आरसी. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २५ भरला, नूतनीकरणाची फी त्या वेळी ५,००० रुपये होती. मुदत उलटली तर वर महिन्याला ५०० दंड. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप. हा छाप घरीच काढून ठेवा. नंबरवरचा गंज आणि चिखल साफ करायलाच अर्धा तास जातो, आणि तिथे रांगेत वाकून बसलात की मागचे लोक हॉर्न वाजवतात. टपावरची दिव्यांची पट्टी मी आधीच उतरवली होती, जादा दिवे दाखवायला नेण्यात शहाणपणा नाही.

१३ नोव्हेंबरला सकाळी साडेदहाला गाडी उभी केली. निरीक्षकांनी हेडलाईट, डिपर, इंडिकेटर, ब्रेकलाईट, हॉर्न, वायपर सगळं तपासलं. सगळं चालू. मग मागे जाऊन म्हणाले, "नंबरप्लेटचा दिवा?" तो बंद. पाच महिने, ४२ वायरी, आणि पंधरा रुपयांच्या बल्बची तार तुटलेली. चूक माझीच, निघताना गाडीभोवती एक फेरी मारली असती तर दिसलं असतं. पुढची तारीख १८ ची मिळाली. १९ आणि २० ला मला निवडणुकीची ड्यूटी होती आणि २१ ला मुदत. त्या पाच दिवसांत मी रोज संध्याकाळी सगळे दिवे लावून गाडीभोवती फिरत होतो. १८ ला दहा मिनिटांत झालं.

खर्च वहीतून जसाच्या तसा: फसलेला सेट ५,२००, वायर ४,६४०, फ्यूजबॉक्स आणि सहा रिले २,१५०, कपलर-लग-स्लीव्ह-फेरूल १,७८०, पकड १,३५०, कटऑफ स्विच ६५०, सेल्फची केबल आणि अर्थची पट्टी ९००, मामांना २,०००, तेही बळेच दिले. बेरीज १८,६७०. सेट मागवला नसता तर साडेतेरा हजारांत झालं असतं. आरटीओची फी आणि कर यात धरलेले नाहीत. पुढे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचे ७४५ रुपये अधिक जीएसटी आलेच.

वहीचं शेवटचं पान लॅमिनेट करून डॅशच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. क्रमांक ३७ ची तपकिरी वायर गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवली, टाकवली नाही.

एक काम राहिलंय. डिझेलचा काटा टाकी भरली तरी अर्ध्यावरच थांबतो. वायर तपासली, अर्थ तपासलं, दोन्ही बरोबर, म्हणजे दोष टाकीतल्या तरंगत्या भागात. त्यासाठी टाकी उतरवायला हवी, आणि परवाच ती काठोकाठ भरून घेतली आहे. नोंद क्रमांक ६२, शेरा: बाकी.